गाडीला कवळी

बत्तिशीने गाडी खाली बसवली याला कारण एक फट होती.

बत्तिशी हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हतं, पण खरं नाव आठवायला आता घरच्यांनाही जरा थांबावं लागे. दातांच्या एका दवाखान्यामागच्या खोलीत बसून तो कवळ्या बनवायचा. वरचा जबडा खालच्या जबड्यावर टेकवायचा, मध्ये निळा कागद धरायचा, चावा दाबायचा, आणि जिथे निळा ठिपका उमटेल तिथे केसभर उंच दात घासून सारखा करायचा. दिवसभर हेच. असं काम करणाऱ्या माणसाला फट बघवत नाही. आणि बाबांच्या जुन्या गाडीत चाक आणि त्याच्यावरचा पत्रा यांच्यामध्ये चांगली मूठ जाईल एवढी फट होती. बत्तिशीला ती गाडी कायम तोंड उघडं टाकून झोपलेल्या पाहुण्यासारखी दिसायची. शेवटी त्याला राहवेना. त्याने गॅरेजवाल्याकडून आखूड स्प्रिंगा बसवून घेतल्या आणि गाडीचं तोंड मिटवलं.

ते जरा जास्तच मिटलं. पुढच्या बंपरच्या खाली जी काळी पट्टी असते ती आता रस्त्याशी कुजबुजण्याच्या अंतरावर आली होती. गॅरेजवाला तिला लिप म्हणायचा. पहिल्याच संध्याकाळी बाबांना शेजारी बसवून चक्कर मारायला गेलेल्या बत्तिशीने घरी फोन केला, "आई, यायला उशीर होईल. लिप सोलली गेलीय."

तो घरी पोचला तेव्हा टेबलावर मलम, कापूस आणि चमचाभर खाता येईल असं मऊ जेवण तयार होतं.

"कुणाशी मारामारी केलीस?" आईने विचारलं.

"गाडीची लिप, आई. बंपरखालची. म्हणजे ओठ समज."

"गाडीला ओठ असतो?"

"या गाडीला आहे."

आईने मलमाचं झाकण परत लावलं. "मग तिला सांग, वर बघून चालत जा."

त्या दिवसापासून घरात त्या पट्टीला ओठ हेच नाव पडलं. नाव गमतीतच पडलं होतं. पुढे त्याच्यावरून निवाडा व्हायचा आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

बाबांना मात्र यात गंमत दिसत नव्हती. ते बसचालक म्हणून निवृत्त झाले होते आणि उभ्या नोकरीत त्यांच्या बसवर ओरखडा पडला नव्हता. ही गोष्ट त्यांनी घरात इतक्या वेळा सांगितली होती की फ्रीजलाही पाठ झाली असावी. गाडी अजून त्यांच्याच नावावर होती. रोज संध्याकाळी ते बॅटरी घेऊन अंगणात जात, गाडीपुढे पालथे पडत आणि ओठ तपासत. येणारेजाणारे आधी घाबरायचे. मग त्यांनाही सवय झाली.

दुसरा ओरखडा दिसला त्या संध्याकाळपासून बाबांनी नियम केला की गतिरोधक आला की सगळ्यांनी उतरायचं. म्हणजे गाडीचं वजन कमी, गाडी वर. मग रोजच्या रस्त्यावरचं दृश्य असं असायचं: गाडी थांबते, दारं उघडतात, आई पर्स सांभाळत उतरते, बाबा उतरतात, दोघं गतिरोधक पायी ओलांडतात, आणि त्यांच्या मागून रिकामी गाडी चवड्यांवर चालल्यासारखी येते. भाजीवालीने एकदा आईला विचारलंही, "गाडीशी भांडण झालंय का?"

"मला एक कळत नाही," आई पुढच्या गतिरोधकाला उतरताना म्हणाली, "मी घरापासूनच चालत आले तर काय बिघडेल? तू गाडी सावकाश मागून आण."

तिसरा ओरखडा दवाखान्याच्या फाटकाच्या चढावर पडला, तिथे गतिरोधक नव्हता म्हणून बाबा उतरले नव्हते, आणि बाबांनी रात्रीच्या जेवणाला सभा घेतली.

"ऐक," ते म्हणाले. "ओठावर आणखी एक ओरखडा दिसला की जुन्या स्प्रिंगा परत. गाडी माणसात येईल. आणि चावी माझ्याकडे."

"चावी का?"

"ज्याला रस्ता दिसत नाही त्याच्याकडे चावी नसते."

बत्तिशीने हातातला घास ताटात परत ठेवला. स्प्रिंगा गेल्या असत्या तर त्याने सोसलं असतं. कसंबसं. पण बाबांनी आजवर त्याला गाडी चालवता येत नाही असं कधी म्हटलं नव्हतं. येते असंही म्हटलं नव्हतं, पण त्या न म्हणण्यावर तो इतकी वर्षं समाधानी होता.

"ओठावर," त्याने विचारलं. "शब्द नक्की?"

"ओठावर. तुझी आई साक्षीला आहे."

"मी जेवतेय," आई म्हणाली.

याच सुमारास आत्या पंख्यावरची धूळ झटकायला स्टुलावर चढली आणि पंखा स्वच्छ करून, काम पूर्ण झाल्यावर, पडली. ही तिची शिस्त. घोट्याचं हाड मोडलं, पायाला प्लास्टर आलं. आत्या बाबांची थोरली बहीण, एकटी राहणारी, उंचीला शाळकरी मुलीएवढी आणि रुंदीत कुठेही काटकसर न केलेली. रुग्णालयातून सोडल्यावर प्लास्टर निघेपर्यंत ती यांच्याकडे राहणार होती, आणि तिला आणायचं काम गाडीवर आलं.

"टॅक्सी करू," बाबा म्हणाले.

आत्या फोनवर होती. तिचा आवाज फोनशिवायही आला असता. "बाळ्या, टॅक्सी उंच असते. मला आत चढवायला क्रेन लागेल. आपल्या बत्तिशीची गाडी खाली बसलीय ना? मी नुसती मागे टेकणार. पाटावर बसल्यासारखी."

"ताई, तिथे उंट आहे."

उंट म्हणजे रुग्णालयाच्या फाटकाबाहेरचा गतिरोधक. तो कुणी बांधला ते माहीत नाही, पण ज्याने बांधला त्याला गती म्हणजे वैयक्तिक अपमान वाटत असावा. त्यावरून धडधाकट माणूस गेला तरी त्याने परत आत जाऊन तपासून घ्यावं, असं लोक म्हणायचे. आणि इथे उतरून चालायची सोय नव्हती. आत्याला चालता येत असतं तर ती तिथे कशाला असती?

बाबा शांतपणे म्हणाले, "बरं. गाडीच नेऊ." आणि त्यांनी माळ्यावरून जुन्या स्प्रिंगांचं खोकं काढून दारात ठेवलं. आगाऊ.

बत्तिशी दुसऱ्या दिवशी कामावर गेला, टेबलापाशी बसला आणि समोरच्या जबड्याकडे बराच वेळ बघत राहिला. जबड्यानेही त्याच्याकडे बघितलं. कवळी नीट बसत नसेल तर तो काय करतो? हिरडीला दोष देत नाही. आधी निळा कागद लावतो.

त्या संध्याकाळी त्याने ओठाच्या खाली बोटभर लोंबणारी निळ्या कागदाची झालर चिकटवली आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बारक्या गतिरोधकावर चावा घ्यायला सुरुवात केली. एकटा बसून गेला: कागद कोरा. आईला शेजारी बसवून गेला: कोरा. "मी बारीक झालेय," आई म्हणाली आणि खुशीत उतरली. मग बाबांना बसवून गेला. खाली वाकून बघितलं तर डाव्या बाजूला, बरोबर बाबांच्या पायांच्या रेषेत, कागद फाटून रस्त्यावर निळा डाग पडला होता. आजवरचे तिन्ही ओरखडे तिथेच होते.

"काय निघालं?" बाबांनी काचेतून विचारलं.

बत्तिशीने कागदाची घडी करून खिशात घातली. "तपासतोय अजून," तो म्हणाला. घरात शांतता असावी असं त्याला मनापासून वाटत होतं.

आता दुखणं कुठे आहे ते कळलं होतं. ओठ आपटतो, कारण ओठच सगळ्यांत पुढे आणि सगळ्यांत खाली आहे. माणसाचा ओठ असा का सोलत नाही? कारण घासायचं, चावायचं, झिजायचं काम त्याच्यामागे कुणी दुसरं करतं. या गाडीला ओठ होता पण दात नव्हते. गाडी बोळकी होती. आणि बोळक्या तोंडाचं काय करायचं असतं, हे या शहरात बत्तिशीपेक्षा जास्त कुणाला माहीत होतं?

नेहमीचे दात फारच लहान पडत होते. पण दवाखान्यात, ब्रश कसा करायचा हे रुग्णांना दाखवायला, एक भलामोठा जबडा ठेवला होता. एकेक दात काडेपेटीएवढा. डॉक्टरीणबाईंना विचारून बत्तिशीने त्याचा साचा काढला.

"कुणासाठी?" बाईंनी विचारलं.

"घरातलंच माणूस आहे," बत्तिशी म्हणाला. बाईंनी पुढे विचारलं नाही. त्यांना त्याच्या आत्याबद्दल ऐकून माहीत होतं.

पहिली कवळी त्याने नेहमीच्या कडक साहित्याची केली. चाचणीसाठी अंगणात फळी ठेवली, गाडी तिच्यावर चढवली, आणि फाटकन आवाज होऊन दात चहूकडे उडाले. सकाळी आईला कुंडीत दाढ सापडली. काडेपेटीएवढी. तिने आधी बाबांना आणि मग बत्तिशीला तोंड उघडायला लावलं, आत नीट बघितलं, आणि मगच चहा ठेवला.

दुसरी कवळी त्याने लवचीक साहित्याची केली. हे वाकतं, घासतं, पण तुटत नाही. हट्टी रुग्णांना हेच देतात. सगळी एकसंध पट्टी न करता त्याने दात सुटे ठेवले आणि प्रत्येकाला खालून स्क्रू दिला, म्हणजे झिजेल तो एकच बदलायचा. डाव्या बाजूला, बाबांच्या रेषेत, एक दाढ जरा जाड केली. तिला त्याने मनातल्या मनात अक्कलदाढ म्हटलं. वर गुलाबी हिरडीचा पट्टा. त्याची तशी गरज नव्हती, पण हिरडीशिवाय दात द्यायचे म्हणजे कामात चुकारपणा झाला असता.

कवळी बसवून तो मागे सरकून उभा राहिला. गाडी हसत होती. साधंसुधं नाही, फोटोवाल्याने सांगितल्यावर माणूस हसतो तसं, सगळे दात दाखवून.

बाबा बॅटरी घेऊन आले, पालथे पडले आणि बराच वेळ पडून राहिले.

"हे ओठाच्या खाली येतंय," खालून आवाज आला.

"हो."

"म्हणजे गाडी आणखी खाली आली."

"हो."

"माझ्या उभ्या नोकरीत," बाबा उठून गुडघे झटकत म्हणाले, "मला एकदाही बस हसताना दिसली नाही."

"कशाला हसेल?" आई दारातून म्हणाली. "चालवत कोण होतं."

शुक्रवारी सकाळी बत्तिशी आणि बाबा रुग्णालयात पोचले. आत जाताना गाडीत आत्या नव्हती आणि बाबा उंटाअलीकडे उतरून चालत आले, त्यामुळे काही झालं नाही. फाटकावरचा पहारेकरी शिट्टी तोंडात धरून गाडीकडे बघत राहिला. मग त्याने शिट्टी काढली.

"हिला दात आहेत," तो म्हणाला.

"खोटे आहेत," बत्तिशी म्हणाला.

पहारेकऱ्याने समजून मान डोलावली. त्याचेही खोटे होते.

चाकांच्या खुर्चीतून आत्या बाहेर आली. तिने गाडीचं तोंड बघितलं, आपलं तोंड उघडलं, आणि दोन्हींची तुलना केली. तिची कवळीही बत्तिशीनेच केली होती. त्याआधीच्या तिन्ही कवळ्या तिने बनवणाऱ्यांच्या टेबलावर परत ठेवल्या होत्या.

"माझ्यापेक्षा हिचे पांढरे आहेत," ती म्हणाली.

"तू चहा पितेस, आत्या."

मग ती मागे टेकली, आणि ठरल्याप्रमाणे पुढच्या डाव्या सीटवर पाटावर बसल्यासारखी बसली. गाडी खाली गेली. प्लास्टरचा पाय आत घेतल्यावर आणखी खाली गेली. बाबा मागे उजवीकडे बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, निकाल ऐकायला आलेल्या माणसासारखे, कान देऊन राहिले.

उंट समोर होता.

"सरळ घे," बाबा मागून म्हणाले. "दोन्ही चाकं एकदम. मी कायम सरळ घेतली."

इथे बत्तिशीला आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालवण्याच्या बाबतीत बाबांपेक्षा वेगळं काही करायचं होतं. "बाबा, अक्रोड कोणी समोरच्या दातांनी फोडतं का?"

"मध्येच अक्रोड कुठून आला?"

"कोपऱ्यात घेतात. दाढेखाली. तिरका." आणि त्याने काच खाली करून पहारेकऱ्याला विचारलं, "काका, मला पूर्ण रस्ता मिळेल का?"

पहारेकऱ्याने ही विनंती ऐकायला जणू आयुष्यभर वाट बघितली होती. तो रस्त्याच्या मध्ये गेला, दोन्ही हात पसरले आणि अशी शिट्टी फुंकली की दोन्हीकडची रहदारी थांबली, एक सायकलवाला उतरला, आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांत मोडलेले हात, बांधलेली डोकी आणि सलाइनचे स्टँड येऊन उभे राहिले. खुर्ची ढकलणारी नर्स परत गेलीच नाही.

बत्तिशीने गाडी पार कडेला नेली आणि तिरकी वळवली. आधी एकच चाक. नाक हळूहळू उंटाच्या पाठीवर चढलं. डावी बाजू खाली झुकली, आणखी झुकली, आत्याने श्वास ओढून घेतला, त्याने गाडीचं वजन कमी होणार नव्हतं पण तिने प्रयत्न केला. आणि मग आवाज आला.

खस्स्.

लांबलचक, गुळगुळीत. शहाळं कापल्यासारखा नाही, रंधा फिरवल्यासारखाही नाही. कुणीतरी समाधानाने दात घासावेत तसा. मग मागचं चाक आलं, गाडी एकदा डोलली, आणि सगळ्यांसकट उंटाच्या पलीकडे होती.

"थांबव," बाबा म्हणाले.

बत्तिशीने थांबवली.

"आवाज आला. मी ऐकला. सगळ्यांनी ऐकला." बाबा उतरले, पुढे गेले आणि भर रस्त्यात पालथे पडले. पहारेकरीही त्यांच्या शेजारी पालथा पडला. हा त्याचा उंट होता, त्याला हक्क होता. बत्तिशी दार धरून उभा राहिला. दारात ठेवलेलं ते खोकं त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"घासलंय," बाबांचा आवाज आला.

"काय घासलंय?" आत्याने आतून विचारलं.

"गाडी."

"बाळ्या, नीट सांग. ठरलं काय होतं? तुझी बायको फोनवर म्हणाली, ओठावर ओरखडा. ओठावर आहे का?"

खाली बॅटरी इकडून तिकडे फिरली. "ओठावर नाही. दातावर आहे."

"मग? दात कशासाठी असतात?"

"अगं ताई, पण ते दात गाडीचेच ना."

"माझी कवळी रात्री ग्लासात बुडते," आत्या म्हणाली. "म्हणून तू मी बुडाले असं शेजाऱ्यांना सांगतोस का?"

बाबांनी बॅटरी विझवली. "मुद्दा बरोबर आहे," पहारेकरी रस्त्यावरूनच म्हणाला.

"आणि आणखी एक," आत्या आता रंगात आली होती. "मी तुझ्यापेक्षा जड. वर हे प्लास्टर. मी या सीटवर बसून ओठाला काही झालं नाही. मग आजवर तीनदा झालं तेव्हा इथे कोण बसलं होतं?"

बत्तिशी आकाशाकडे बघायला लागला. निळा कागद त्याच्या खिशातच होता. त्याने तो काढला नाही. जिंकल्यावर माणसाला एवढं परवडतं.

बाबा उठले. शर्टावर, छातीपासून पोटापर्यंत, रस्त्याची धूळ होती. त्यांनी ओठाकडे बघितलं, उंटाकडे बघितलं, मग तिरक्या निघालेल्या चाकांच्या खुणेकडे बघितलं, आणि ते जरा जास्तच वेळ बघत राहिले. वरच्या खिडक्यांतून कुणीतरी टाळी वाजवली. एक हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे ती त्याने कठड्यावर वाजवली. मग नर्सने वाजवली, सायकलवाल्याने घंटी वाजवली, आणि पहारेकऱ्याने शिट्टी अशी फुंकली की थांबलेल्या रहदारीने हॉर्नची साथ दिली. गाडी सगळ्यांकडे बघून हसत होती. एका दातावर माती होती, पण ते चालायचंच.

"सरक," बाबा बत्तिशीला म्हणाले.

"काय?"

"तिकडे मागे बस. घरापर्यंत मी नेतो."

निवृत्त झाल्यापासून बाबांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. त्यांनी सीट पुढे घेतली, आरसा आपल्या डोळ्यांत आणला, आणि बसच्या नसलेल्या प्रवाशांकडे आरशात एकदा बघून घेतलं. वाटेत जेवढे गतिरोधक लागले तेवढे त्यांनी तिरके घेतले. प्रत्येक वेळी खस्स् आवाज आला, आणि प्रत्येक वेळी बाबा म्हणाले, "सरळच घेतली मी. रस्ता वाकडा आहे." भाजीवालीने चौघांपैकी कुणीच उतरलं नाही म्हणून हातातला तराजू खाली ठेवला. घरी तीनच माणसं पोचली हे खरं, पण चौथी गाडी होती आणि ती सगळ्यांत जास्त हसत होती.

घराच्या फाटकाचा चढ बाबांनी दोन बोटांनी चढवला. आई दारात होती. खोकंही दारात होतं. आत्या येणार म्हणून आईने ते खोकं भिंतीला लावून त्याच्यावर उशी ठेवली होती.

"पाय ठेवायला बरी उंची आहे," आत्या प्लास्टर त्यावर टेकवत म्हणाली. "हे खोकं आता इथेच राहू दे."

बाबा आत आले नाहीत. बत्तिशी बाहेर गेला तेव्हा ते बॅटरी घेऊन गाडीपुढे पालथे पडले होते, भरदुपारी. तो त्यांच्या शेजारी पालथा पडला. दोघांच्या डोळ्यांपुढे आरपार दातांची रांग होती आणि तिच्यावर काळा ओठ; जुने तीन ओरखडे, नवीन एकही नाही.

बाबांनी डाव्या बाजूच्या जाड दाढेवर बोट फिरवलं.

"ही झिजलीय," ते म्हणाले. "उद्या नवीन घाल." मग ते म्हणाले, "आणि दोन जास्तीच्या करून ठेव. आपण दोघं चालवणार म्हटल्यावर लागतील."